गोल पटाशीचे दोन घाव आणि एक नखुली

लाकडावर नक्षी म्हटलं की लोकांना देव्हाऱ्याच्या महिरपी आठवतात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून ते मागे हटतात. पण एका गोल पटाशीने, अगदी पहिल्या दिवशी, सुंदर किनार कोरता येते!

साधारण १२ मिलिमीटर रुंदीची पटाशी घ्या. लाकूड शिवणीचं असेल तर उत्तम, कारण ते मऊ आणि एकसारखं असतं, सागही चालतो. फळी क्लॅम्पने पक्की आवळा. पहिला घाव उभा: पटाशी सरळ धरून, पातं लाकडाच्या रेषांना आडवं ठेवून, लाकडी हातोड्याने हलकेच दोन ठोके. दोन-तीन मिलिमीटर खोली पुरे. पातं रेषांच्या दिशेने ठेवून ठोकलंत तर फळी उकलते. आता या घावाच्या कमानीच्या आतल्या बाजूला थोडं मागे या, पटाशीचा खोलगट भाग वर ठेवा आणि तिरकी ढकलत पहिल्या घावापर्यंत न्या. टचकन ढलपी सुटते, खाली नखाच्या आकाराची गुळगुळीत खाच उरते, हीच नखुली. तो आवाज मला अजून तितकाच आवडतो.

ढलपी सुटली नाही, तर ती बोटाने उपटू नका. उभा घाव पुन्हा थोडा खोल करा. खाच खरबरीत दिसली, तर धार गेली आहे. पातं चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत परजा. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे!

अशा नखुल्या ओळीत कोरल्या की किनार होते, समोरासमोर कोरल्या की पानं.