मशालवाली जमात

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या साहसी भूमिका-खेळात आपल्या पात्रासाठी जमात निवडायची असते. त्यात एल्फ सात-साडेसातशे वर्षं जगतो, ड्वार्फ साडेतीनशे. माणसाचं शंभरीच्या आतच आटोपतं. वर त्याला अंधारात दिसत नाही. भुयारात शिरताना मशाल लागते ती त्याच्यापायी, आणि तिच्या उजेडाने पलीकडचे राक्षस सावध झाले की भोगायचं सगळ्यांनी. मग ही जमात घ्यायची कुणी? खेळाचे जनक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४च्या मूळ नियमांत इतरांचेच पंख छाटले : हॉबिट लढवय्या चौथ्या पातळीवर अडकायचा, ड्वार्फ सहाव्या, माणसाला मर्यादाच नाही. जरा जुलमाचाच रामराम! २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधनं काढली आणि माणसाला सुरुवातीलाच एक जादा 'फीट', म्हणजे खास कसब, दिलं. २०१४च्या आवृत्तीत माणसाला पात्राच्या सहाही गुणांत एकेकाची भर मिळाली. पण मुरलेले खेळाडू ती सोडून पर्यायी नियमाने फीटच पदरात पाडून घेत. शहाणेच म्हणायचे. २०२४च्या नियमांत फीट हक्काचं झालं. शिवाय रात्रभर विश्रांती घेऊन उठलं की 'हिरोइक इन्स्पिरेशन' : फसलेला फासा एकदा पुन्हा टाकायची मुभा.