टेरी प्रॅचेट : अवांतर वाचनातून घडलेला कादंबरीकार



पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाबद्दल "याला काही अभ्यास जमणार नाही" असं आपण किती सहज बोलून जातो, नाही का? इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा तर ठाम समज होता, की मूल सहा वर्षांचं असतानाच ते पुढे अकराव्या वर्षीची निवड परीक्षा पास होणार की नाही हे ओळखता येतं. त्यांनी वर्गाचे तसे दोन गट पाडले होते. न होणाऱ्यांच्या गटात टेरी प्रॅचेट नावाचा मुलगा होता. 1959 साली तो ती परीक्षा पास झाला. पुढे याच मुलाने 'डिस्कवर्ल्ड' या कल्पनारम्य मालिकेच्या 41 कादंबऱ्या लिहिल्या.

मग मधल्या काळात झालं काय?

टेरीचा जन्म 1948 चा, बीकन्सफील्ड गावचा. वडील मोटार मेकॅनिक, आई सेक्रेटरी. मुलगा वाचत नाही म्हणून आईने एक युक्ती काढली : नीट वाचलेल्या प्रत्येक पानाला एक पेनी! पैसे देऊन वाचायला लावणं मला स्वतःला फारसं पटत नाही. मुलं पानं मोजू लागतात. पण इथे ते प्रकरण फार लांबलं नाही. घरच्या ओळखीतल्या कुणीतरी 'द विंड इन द विलोज' हे पुस्तक त्याच्या हातात दिलं. उंदीर, चिचुंदरी, बेडूक माणसांसारखे राहतात, नाव वल्हवतात, मोटारी पळवतात! असंही लिहिता येतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्यानंतर पेनीची गरज उरली नाही.

तिथून तो थेट गावच्या सार्वजनिक वाचनालयात पोचला. आपलं खरं शिक्षण शाळेत नव्हे, बीकन्सफील्डच्या वाचनालयात झालं, असं ते आयुष्यभर सांगत. शनिवारी तो तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून काम करायचा. पुस्तकं लावायची, आणि लावता लावता वाचायची. कोणतं पुस्तक वयाला योग्य, कोणतं अभ्यासाचं, हे ठरवणारं त्याच्या मागे कुणी नव्हतं. एच. जी. वेल्स वाचला, कॉनन डॉयल वाचला, 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे जुने बांधीव खंड वाचले. अवकाशाची चित्रं असलेली ब्रुक बाँड चहाची कार्डं तो जमवायचा. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं स्वप्न होतं, पण गणिताने दगा दिला.

आता मुद्द्याचं सांगतो. परीकथा, राक्षस, जादूगार असलं वाचलं की मूल कल्पनारम्य लिहितं, असा आपला समज असतो. प्रॅचेट यांनीही तेराव्या वर्षी टॉल्किन झपाटून वाचला होता. पण होतकरू लेखकांना ते उलटंच सांगत : कल्पनारम्य लिहायचं असेल तर त्या प्रकाराबाहेरचं भरपूर वाचा. इतिहास, विज्ञान, जुने व्यवसाय, जुन्या चालीरीती. त्यांचं एक आवडतं पुस्तक होतं ब्रूअरचा वाक्प्रचार आणि दंतकथांचा कोश. दुसरं, हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या गोरगरिबांना भेटून केलेली त्यांच्या जगण्याची नोंद. कोण रस्त्यावर काय विकतं, कोण गटारात उतरून हरवलेल्या वस्तू शोधतं, कुणाला दिवसाकाठी किती मिळतात, सगळं त्यात आहे. 2012 च्या 'डॉजर' कादंबरीचा नायक असाच गटारं धुंडाळणारा पोरगा आहे, आणि ती कादंबरी मेह्यूलाच अर्पण केलेली आहे. डिस्कवर्ल्डचं आंख-मॉरपॉर्क शहर खरं वाटतं तेही यामुळेच. तिथे जादूगार आहेत, पण भिकाऱ्यांचा संघ, पहारेकरी, टपाल कचेरी आणि फिरते विक्रेतेही आहेत.

आणि खुद्द ते जग? चार हत्तींच्या पाठीवर एक सपाट तबकडी, आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे. आपल्याला कूर्म आणि दिग्गज लगेच आठवतात! भारतीयांची विश्वकल्पना म्हणून हे चित्र युरोपातल्या पुस्तकांतून फार पूर्वीपासून फिरत होतं.

ब्रूअरसारखी पुस्तकं आपल्याकडेही आहेत बरं का. पं. महादेवशास्त्री जोशींचा 'भारतीय संस्कृतिकोश', वा. गो. आपट्यांचं संप्रदाय आणि म्हणींचं पुस्तक. बहुतेक शाळांत ती कुलुपाच्या कपाटात असतात, कारण ती 'संदर्भासाठी'. पाचवी-सहावीच्या मुलाला त्यातलं कुठलंही पान उघडून अर्धा तास बसू द्या. प्रश्न विचारू नका, सारांश लिहून मागू नका.

लिखाणाचं म्हणाल, तर ते लवकर सुरू झालं. तेराव्या वर्षी एक कथा शाळेच्या मासिकात आली. तीच 1963 साली 'सायन्स फँटसी' या मासिकाने छापली आणि 14 पौंड दिले. त्यातून त्याने जुना टाइपरायटर घेतला. 1965 मध्ये शाळा सोडून तो स्थानिक वृत्तपत्रात लागला. तिथे दर आठवड्याला मुलांसाठी 'अंकल जिम' या नावाने गोष्टी लिहायच्या. सुचो न सुचो, अंकाची वेळ थांबत नाही! पहिली कादंबरी 'द कार्पेट पीपल' 1971 ची, डिस्कवर्ल्डची पहिली 'द कलर ऑफ मॅजिक' 1983 ची. तेव्हा प्रॅचेट वीजमंडळात प्रसिद्धी अधिकारी होते, अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं द्यायचं काम. घरी आल्यावर रात्री लिहायचं, रोज 400 शब्द. हिशेब करून बघा : वर्षात 300 दिवस जरी लिहिलं तरी 1,20,000 शब्द होतात. नोकरी त्यांनी सोडली ती 1987 मध्ये, डिस्कवर्ल्डची चौथी कादंबरी 'मॉर्ट' लिहून झाल्यावर. घाई केली नाही, हे मला फार आवडतं.

2007 मध्ये त्यांना अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार असल्याचं निदान झालं. यात मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग आधी बिघडतो. बोलणं शाबूत, पण टाइप करता येईना, आणि पुढे वाचणंही अवघड झालं. ज्याचं आयुष्यच वाचण्यावर उभं, त्याची काय अवस्था झाली असेल, विचार करा. ते थांबले नाहीत. बोलून मजकूर सांगायचा, तो सहायकाने किंवा संगणकाने उतरवायचा, मग ऐकून दुरुस्त करायचा. निदानानंतरही अनेक कादंबऱ्या झाल्या. 12 मार्च 2015 रोजी ते गेले. शेवटची 'द शेफर्ड्स क्राउन' त्याच वर्षी, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली.

अपुरं राहिलेलं लिखाण कुणी छापू नये अशी त्यांची इच्छा होती. 2017 च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत, ते लिखाण असलेली हार्ड डिस्क खरोखरच स्टीमरोलरखाली घालण्यात आली.