दिवसा मरणारा राजपुत्र

प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये कोल्हापुरातलं बिऱ्हाड मोडून पुण्याचा रस्ता का धरला, ते या आठवड्यात सांगायचं होतं. ते पुढच्या खेपेला. मागच्या लेखात ‘कल्याण खजिना’ या मूकपटाच्या ओघात मास्टर विठ्ठल यांचं नाव आलं, आणि त्यावरून राजारामपुरीतल्या एका वाचकांनी पत्रात थेट विचारलं आहे : भारतातल्या पहिल्या बोलपटाचा नायक आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला, पण त्याला उर्दू नीट बोलता येईना म्हणून त्याला सिनेमाभर गुंगीत निजवून ठेवला, हे खरं का?

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. सांगणारा ती हसत सांगतो, ऐकणाराही हसतो, आणि विठ्ठल तिथेच संपतात. मला ते सोसत नाही. म्हणून आजचा सगळा लेख त्यांच्यासाठी.

विठ्ठल लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत रंगमंचावर उभे राहिले. तिथून ते बाबूराव पेंटरांच्या या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले ते नट म्हणून नव्हे, तर संकलनाच्या कामाला. हे काम त्या काळी कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणा. यंत्र असं फारसं काही नाही. फिल्मची पट्टी उजेडासमोर धरायची, डोळे बारीक करून चौकटी बघायच्या, हवी तिथे कात्री लावायची. मग एका तुकड्याच्या टोकावरचा थर पात्याने खरवडायचा, त्यावर फिल्म चिकटवायचं उग्र वासाचं सिमेंट लावायचं, दुसरा तुकडा बरोबर भोकावर भोक बसवून दाबून धरायचा. फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली की भडका. पस्तीस मिलीमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, आणि मूकपट चालायचा साधारण सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने. म्हणजे एक फूट पट्टी हाताखालून गेली की पडद्यावरचा एक सेकंद गेला. तलवारीचा वार किती फुटांत पुरा होतो, घोड्यावरून उडी कुठे तोडली तर अंगावर येते आणि कुठे तोडली तर फुसकी होते, हे अशा माणसाच्या बोटांना कळतं. विठ्ठल पुढे स्टंटपटांचे राजे झाले त्याचं मूळ मी त्यांच्या शरीरयष्टीइतकंच या कात्रीत शोधतो.

कंपनीत असताना ते लहानसहान कामंही करत. पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले १९२४ च्या ‘कल्याण खजिना’मध्ये, आणि तेसुद्धा नर्तकीच्या वेषात. याच कंपनीने १९२० च्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांना उभं करून स्त्रीची भूमिका स्त्रीने करायची वाट घालून दिली होती. तरीही चार वर्षांनी नाचायला पुरुषच उभा राहिला. वाट पाडली म्हणून लगेच सगळे तिच्यावरून चालू लागत नाहीत.

मग मुंबई. नानूभाई देसाई यांची शारदा फिल्म कंपनी १९२५ मध्ये सुरू झाली आणि तिने मारधाडीच्या चित्रपटांवरच भर दिला. १९२६ च्या ‘रतन मंजरी’त विठ्ठल नायक झाले आणि तिथून त्यांची गाडी सुसाट सुटली. तट चढणं, झुंबराला लटकणं, एकट्याने दहांना अंगावर घेणं हे सारं ते करत, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. ‘द मार्क ऑफ झोरो’ आणि ‘द थीफ ऑफ बगदाद’ करणाऱ्या फेअरबँक्सचं तेव्हा आपल्याकडे केवढं वेड होतं हे लक्षात घेतलं तर ही उपाधी साधी नव्हती. स्टंटपटांच्या नटांत सर्वाधिक पगार घेणारे म्हणून त्यांचं नाव झालं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूकपटात नायकाची भाषा कुणी विचारत नव्हतं. मधल्या पाट्या दोन-तीन लिप्यांत लिहिलेल्या असत, थिएटरात कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि नट कुठला का असेना, त्याचं अंग बोललं की झालं. गुजराती मालकाच्या कंपनीत कोल्हापूरकडून आलेला गडी सगळ्या देशाचा नायक होऊ शकत होता, तो यामुळे.

१९३० च्या सुमारास इंपीरियल फिल्म कंपनीचे अर्देशिर इराणी यांनी बोलपट काढायचा बेत आखला. नायकासाठी आधी मेहबूब खान यांचा विचार झाला होता. हो, पुढे ‘मदर इंडिया’ काढणारे तेच. पण ते तेव्हा किरकोळ कामं करणारे होते, आणि इतका पैसा लावायचा तर नाव चालणारं हवं. चालणारं नाव विठ्ठल यांचं. अडचण एवढीच, की ते शारदाच्या पगारावर होते आणि करार संपलेला नव्हता. विठ्ठल करार सोडून इराणींच्या गोटात आले, शारदाने त्यांना कोर्टात खेचलं. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि विठ्ठल जिंकले. जीना १९३० च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले आणि नंतर काही वर्षं तिकडेच राहिले, म्हणजे त्यांचा युक्तिवाद त्याआधीचा असला पाहिजे. एका स्टंटनटासाठी मुंबईतल्या तेव्हाच्या सगळ्यात महागड्या वकिलांपैकी एक उभा राहतो, यावरून त्या नावाची किंमत कळते.

आता मूळ प्रश्न. हा पहिला बोलपट, ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. नायिका झुबेदा, सेनापती आदिलच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. मूळ नाटक जोसेफ डेव्हिड यांचं, पारशी रंगभूमीचं. ध्वनिमुद्रणाची पद्धत अशी, की चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरत. आवाज नंतर भरायची सोयच नाही. स्टुडिओला ध्वनिरोधक भिंती नाहीत, शेजारून रेल्वेचे रूळ गेलेले. त्यामुळे रात्री गाड्या थांबल्या की एक ते चारच्या दरम्यान काम चाले आणि मायक्रोफोन जमेल त्या आडोशाला लपवलेला असे. नट त्या लपलेल्या मायक्रोफोनपासून दोन पावलं सरकला की आवाज गेला. आता विचार करा, पाच-सहा वर्षं ज्या माणसाने अंग झोकून देऊन अभिनय केला त्याला सांगितलं, जागचा हलू नकोस आणि उर्दू बोल. उर्दूही साधी नव्हे, पारशी नाटकाची झोकदार उर्दू. घशातून येणारे क आणि ख ज्याच्या जिभेवर लहानपणापासून नाहीत त्याला ते महिन्या-दोन महिन्यांत येत नसतात. विठ्ठल यांचे उच्चार तिथे कमी पडले, हे सगळेच सांगतात आणि मला ते पटतं.

पण ‘म्हणून त्यांना गुंगीत निजवलं’ हा पुढचा भाग घेताना कथा बघावी. सुलतानाच्या दोन राण्या, नवबहार आणि दिलबहार. फकिराच्या भाकितानुसार नवबहारला मुलगा होतो, त्याचं नाव कमर; पण एका माशाच्या गळ्यातला हार हाती लागला नाही तर तो अठराव्या वाढदिवसापलीकडे जगणार नाही. दिलबहार हार बदलते. अठराव्या वर्षी कमर मरतो, पण घरचे त्याला पुरत नाहीत. रोज रात्री दिलबहारने गळ्यातला हार काढला की तो जिवंत होतो आणि सकाळी तिने घातला की पुन्हा मरतो. नायिका आलम आरा रात्री राजवाड्यात शिरते, त्याला जिवंत बघते आणि त्याच्या प्रेमात पडते.

म्हणजे राजपुत्र निपचित पडून राहणं हे या गोष्टीचं मर्मच आहे. ते काढलं तर हाराला अर्थ नाही, फकिराला अर्थ नाही, आलम आराच्या रात्रीच्या फेरीलाही नाही. विठ्ठल यांच्या जागी लखनौचा एखादा अस्सल उर्दूभाषक नट घेतला असता तरी त्याला दिवसभर मेलेलंच राहावं लागलं असतं. संवाद कमी केले असतील, रात्रीच्या प्रवेशांत त्यांच्या वाट्याची वाक्यं छाटली असतील, हे शक्य आहे आणि व्यवहाराचंही आहे. पण नटाची जीभ झाकायला गुंगी शोधून काढली असं म्हणणं म्हणजे जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरही अन्याय आणि विठ्ठल यांच्यावरही. माझं मत इतकं स्पष्ट आहे. वाचकांच्या पत्राला हे माझं उत्तर.

शिवाय बोलपटाच्या त्या पहिल्या दोन-चार वर्षांत ही वेळ एकट्या विठ्ठल यांच्यावर आली होती असं थोडंच आहे? हिचकॉकने १९२९ मध्ये ‘ब्लॅकमेल’ काढला. नायिका अ‍ॅनी ओंड्रा चेक उच्चारांची, आणि भूमिका लंडनच्या मुलीची. तोड काढली ती अशी : जोन बॅरी नावाची नटी कॅमेऱ्याच्या कडेबाहेर उभी राहून वाक्यं बोले आणि ओंड्रा नुसते ओठ हलवी. पहिलं ऑस्कर मिळवणारे एमिल यानिंग्ज तर हॉलिवूड सोडून जर्मनीला परतले, कारण त्यांचं इंग्रजी चालेना. त्यांच्याविषयी बोलताना कुणी हसत नाही.

आणि याच्या अगदी उलटी कहाणी ब्रिटिश टीव्हीवर घडली, ती मला विठ्ठल यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. साय ग्रँट हे गयानात जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात नॅव्हिगेटर होते. १९४३ मध्ये त्यांचं विमान हॉलंडवर पाडलं गेलं आणि दोन वर्षं ते जर्मनांच्या कैदेत होते. परत येऊन बॅरिस्टर झाले, पण काळ्या माणसाला वकिलीत दार उघडेना म्हणून नट झाले. १९५७ पासून बीबीसीच्या ‘टुनाइट’ कार्यक्रमात ते ताज्या बातम्या कॅलिप्सोच्या चालीत गाऊन दाखवत. ब्रिटिश टीव्हीवर नियमितपणे दिसणारा पहिला कृष्णवर्णीय चेहरा त्यांचाच. सारा देश त्यांना ओळखू लागला. पण आपल्याला कायमचा कॅलिप्सोवाला ठरवतील हे ओळखून त्यांनी तो कार्यक्रम सोडला. पुढे १९६७ मध्ये मुलांसाठी ‘कॅप्टन स्कार्लेट’ नावाची बाहुल्यांची मालिका आली. तिच्यातल्या लेफ्टनंट ग्रीनला आवाज ग्रँट यांचा. अंग बाहुलीचं. विठ्ठल यांचं अंग हवं होतं आणि आवाज नको होता. ग्रँट यांच्या बाबतीत, बाहुलीच्या मागे का होईना, आवाजच उरला. दोघांनाही पडद्याने जेवढं हवं तेवढंच घेतलं.

आपल्या लोकांच्या उर्दूवरून बोल लावणं ‘आलम आरा’पाशी थांबलं नाही. लता मंगेशकर नवख्या असताना दिलीपकुमार त्यांच्यासमोर मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा अर्थाचं बोलले, आणि लताबाईंनी मौलवींकडे शिकवणी लावून उर्दू पक्की केली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. लताबाईंना तेवढा अवधी होता. विठ्ठल यांना रात्री एक वाजता मायक्रोफोनसमोर उभं केलं होतं.

कोल्हापूरने मात्र या पेचातून वेगळी वाट काढली. ‘आलम आरा’ला वर्षही झालं नव्हतं तोवर, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांना घेऊन तो मराठीत केला, आणि त्याच मंडळींना घेऊन हिंदीतही. पुराणातला राजा बोलणार ती हिंदी संस्कृताकडे झुकलेली, मराठी जिभेला मानवणारी. विषयाची निवड आणि भाषेची सोय यांचं हे नातं मला फार महत्त्वाचं वाटतं. इंपीरियलच्या मारधाडीच्या आणि जादूच्या गोष्टी पारशी नाटकाच्या उर्दूशी बांधलेल्या होत्या. प्रभातच्या पुराणकथा तशा बांधलेल्या नव्हत्या. पुढच्या वेळी पुण्याकडे वळण्याआधी हा धागा धरूनच बोलू.

विठ्ठल यांचं काम ‘आलम आरा’ने थांबलं, असा दुसरा गैरसमज आहे. १९३३ मध्ये त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. मार्क ट्वेनच्या राजपुत्र आणि भिकारी यांच्या गोष्टीवर बेतलेला, आणि शाहू मोडक दोन्ही भूमिकांत. मोडक तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. हिंदी बोलपटातली पहिली दुहेरी भूमिका म्हणून हा चित्रपट सांगितला जातो. एकच नट दोन ठिकाणी दाखवायचा म्हणजे कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं हा सगळा हिशेब. तो मांडायला एकेकाळी कात्री चालवलेला माणूस बसला होता, हे मला फार समाधानाचं वाटतं. १९३९ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’ काढला तेव्हा त्यात विठ्ठल होते, सोबत ललिता पवार. इथे घोडा, तलवार आणि मराठी तिन्ही एकत्र आली. भालजींनी त्यांना आवाजासकट घेतलं. १९६९ मध्ये त्यांचं निधन झालं.

‘आलम आरा’ची प्रत आज कुठेही नाही. २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म संग्रहालयात आग लागली तेव्हा ती जळाली असं छापून येतं. ते चूक आहे. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी स्वतःच सांगितलं होतं की ती प्रत संग्रहालयाकडे कधी आलीच नव्हती. शारदाचे बहुतेक मूकपटही आज बघायला मिळत नाहीत. त्यामुळे त्या रात्रीच्या प्रवेशांत विठ्ठल किती बोलले आणि कसे बोलले, ते ऐकून ठरवायची सोय नाही. राहिली आहेत ती छायाचित्रं आणि जाहिराती.

कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तकं अजून पुष्कळ घरांत असतात. पेटीत, माळ्यावर, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. ‘आवारा शहजादा’ किंवा ‘नेताजी पालकर’ यांचं पुस्तक किंवा हस्तपत्रक कुणाकडे असेल तर कळवा. मूळ प्रत पाठवू नका, नुसता फोटो काढून पाठवला तरी पुरे. कागद जुना असेल तर घडी उलगडताना कडा सांभाळा आणि मागची बाजूही टिपा. थिएटरचा शिक्का बहुधा तिथेच सापडतो. पुढच्या आठवड्यात प्रभात, नक्की.