नवजात अर्भकाचे हातपाय आणि गुणसूत्रीय विकृती : एक विवेचन

अर्भक जन्मताच घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या हातापायांची बोटे मोजतात. बोट अधिक असल्यास ते भाग्याचे आणि पाऊल वाकडे असल्यास मातेने ग्रहणात विळी हाती घेतल्याचे फळ, असे समज आर्णी परिसरातही ऐकू येतात. पदवी वर्गातील विद्यार्थिनी ते शंका म्हणून विचारतात. पहिल्या समजामुळे तपासणी राहून जाते, दुसऱ्यामुळे माता दोषी ठरते.

भ्रूणात हातापायांचे अंकुर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस उमटतात व आठव्या आठवड्यापर्यंत बोटे विलग होतात. सातव्या महिन्यातील ग्रहणाने बोटांची घडण बदलणे शक्यच नाही. गुणसूत्रीय विकृतीचे मूळ त्याहूनही आधीचे होय. बहुधा बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी विलग होत नाही आणि अर्भकाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे येतात. मातेचे वय ३५ हून अधिक असल्यास ही शक्यता वाढते. तिच्या वर्तनाचा त्यात दोष नसतो.

अधिकचे गुणसूत्र कोणते, यानुसार खुणा बदलतात. १३ व्या गुणसूत्राच्या त्रिसमसूत्रीत (पटाव सिंड्रोम) करंगळीच्या बाजूस सहावे बोट आढळते. १८ व्याच्या (एडवर्ड्स सिंड्रोम) बाबतीत मूठ घट्ट मिटलेली असते. तर्जनी मधल्या बोटावर व करंगळी अनामिकेवर चढलेली दिसते आणि तळपाय बाहेर फुगीर असतो. अशी बहुतांश अर्भके वर्षभरही जगत नाहीत. डाऊन सिंड्रोममधील खुणा मात्र सौम्य, म्हणूनच नजरेतून सुटणाऱ्या : तळहातावर एकच आडवी रेषा, आत वळलेली आखूड करंगळी, पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत रुंद फट.

तथापि एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. सहावे बोट कित्येक घराण्यांत आनुवंशिकतेने येते व निरुपद्रवी असते; एकच आडवी रेषा निरोगी व्यक्तींच्या हातावरही असते. अनेक खुणा एकत्र दिसल्या, तरच गुणसूत्र-चाचणी आवश्यक ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याच्या यादीतील ९ जन्मजात व्यंगांत डाऊन सिंड्रोम व वाकडे पाऊल यांचा समावेश आहे. सहाव्या बोटाचा नाही. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत अर्भक पाहून पुढे पाठवावे, अशी योजना आहे. वाकडे पाऊल पॉन्सेटी पद्धतीच्या साप्ताहिक प्लास्टरने बहुधा सरळ होते. परंतु डाऊन सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या बालकांत हृदयदोष असतो. म्हणून तेथे पावलाआधी हृदयाची तपासणी हवी. थोड्या बालकांत २१ वे अधिक गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्रास जोडलेले असते. तेव्हा माता व पिता दोघांचीही चाचणी करावी लागते, कारण दोष पित्याकडूनही आलेला असू शकतो आणि पुढील गर्भारपणाचा सल्ला त्यावरच अवलंबून असतो.