अर्थिंगचे दोन रॉड शेजारीशेजारी ठोकले तर काय बिघडतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि गल्लोगल्ली छतांवर सोलर पॅनल दिसू लागले. पॅनलसोबत अर्थिंगही येतं. बहुतेक ठिकाणी तीन खड्डे करतात: एक पॅनल आणि स्ट्रक्चरसाठी, एक इन्व्हर्टरच्या एसी बाजूसाठी आणि एक लायटनिंग अरेस्टरसाठी. पण प्लॉट लहान, त्यात पार्किंगला फरशी बसवलेली. मग हे तिन्ही खड्डे कंपाउंडच्या एकाच कोपऱ्यात, हातभर अंतरावर उरकले जातात.

खड्डे तीन, रॉड तीन, बिलही तिन्हींचं. जमिनीखाली मात्र हिशोब वेगळा असतो.

रॉडभोवतीची माती

अर्थिंग म्हणजे नुसता तांब्याचा किंवा जीआयचा रॉड नाही. रॉडमधून करंट सहज जातो, अडतो तो मातीत. रॉडला अगदी चिकटून असलेल्या मातीत करंटला वाट अरुंद असते आणि जसजसं लांब जावं तसतशी ती रुंदावत जाते. त्यामुळे ३ मीटरच्या रॉडचा निम्म्याहून अधिक रोध पहिल्या एका फुटातच असतो. रॉडच्या लांबीएवढं अंतर गाठेपर्यंत ८५ टक्क्यांहून अधिक रोध संपलेला असतो.

म्हणजे प्रत्येक रॉडला स्वतःच्या हक्काची माती लागते. शेजारीशेजारी दोन बोअर मारले की दोन्ही एकच पाणी ओढतात, तसंच इथे होतं. दोन रॉड एकाच मातीत करंट सोडू लागले की दुसऱ्याचा फायदा घटतो.

आकडे बघा. मातीची रोधकता सगळीकडे सारखी, १०० ओम-मीटर धरली, तर १६ मिलिमीटर जाडीच्या ३ मीटर लांब रॉडचा रोध नेहमीच्या सूत्राने साधारण ३३ ओम येतो. तसाच दुसरा रॉड जोडला की तो निम्मा, म्हणजे १७ ओमच्या आसपास यायला हवा. पण दोघांत फक्त ३० सेंटिमीटर अंतर असेल तर तो २४ वरच अडतो. १.८ मीटरवर तो २० होतो, ३ मीटरवर १९ आणि ६ मीटरवर १८.

रील्सवर या विषयाचे दोन नियम फिरतात, 'सहा फूट' आणि 'लांबीच्या दुप्पट', आणि कमेंटमध्ये त्यावरून भांडणं होतात. दोन्हींना आधार आहे. सहा फूट, म्हणजे १.८ मीटर, ही अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमधली किमान मर्यादा आहे. तिथे रॉड साधारण ८ फुटांचा असतो. भारतात आयएस ३०४३ हे मानक लागतं. त्याच्या मते रॉड जितका खोल, निदान तितकं अंतर ठेवावं. दुप्पट अंतराच्या पुढे गेल्यास फारसं हाती लागत नाही. वरचे आकडेही तेच सांगतात. म्हणजे ३ मीटरच्या रॉडसाठी ३ ते ६ मीटर.

लायटनिंग अरेस्टरचा रॉड लांब का हवा?

याचं कारण रोधापुरतं नाही. रॉडमधून मोठा करंट जमिनीत शिरतो तेव्हा आजूबाजूची मातीही 'चढते', म्हणजे तिथलं व्होल्टेज वाढतं. वरच्याच उदाहरणात रॉडपासून एका फुटावरच्या मातीवर रॉडच्या व्होल्टेजचा जवळपास निम्मा हिस्सा येतो. मग तिथेच इन्व्हर्टरचा 'स्वतंत्र' रॉड असेल तर तो स्वतंत्र फक्त कागदावर. वीज पडली की धक्का शेजाऱ्यालाही बसणार.

जागाच नसेल तर?

मग खोल जावं. त्याच मातीत ३ ऐवजी ६ मीटरचा एकच रॉड घेतला तर रोध १८-१९ ओमवर येतो, म्हणजे लांब ठोकलेल्या दोन रॉडांइतकाच. अडचण एवढीच की आपल्याकडे थोडं खाली गेलं की अनेकदा मुरूम किंवा काळा पाषाण लागतो आणि ड्रिलिंगचा खर्च वाढतो. तेव्हा प्लॉटचे समोरासमोरचे कोपरे वापरता येतात. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर दोन-तीन रॉड नीट मावतात. फक्त इमारतीपासून १.५ मीटर अंतर सोडायचं.

'केमिकल अर्थिंग केलंय, अंतराची गरज नाही' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पावडरचा फायदा आहेच, कारण ती रॉडलगतची माती सुधारते. पण करंटला त्यापलीकडच्या मातीतच जायचं असतं. अंतराचा नियम पावडरने बदलत नाही.

बल्ब लागला म्हणजे झालं?

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून 'अर्थिंग ओके' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. तो बल्ब अर्ध्या अॅम्पिअरपेक्षाही कमी करंट घेतो. ३३ ओमच्या अर्थिंगवरही तो झकास पेटेल. खरा आकडा अर्थ टेस्टरनेच कळतो, आणि तो मे महिन्यात घेतलेला असला तर उत्तम. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडपासून सुटते आणि रोध वाढतो. विदर्भात पाण्याने भरलेले लोखंडी कूलर चालतात ते नेमके याच दिवसांत.

आता त्या कूलरच्या बॉडीत फेज उतरला असं समजा. गावाकडच्या बहुतेक घरांत खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थिंग घराजवळचं. ते १९ ओमचं असेल तर २३० व्होल्टला करंट वाहतो साधारण १२ अॅम्पिअर. १६ अॅम्पिअरचा एमसीबी त्यावर पडतच नाही. कूलर फिरत राहतो आणि बॉडी जिवंत राहते. रॉड ३ मीटरवर ठोका नाहीतर ६ मीटरवर, एवढ्याने हे सुटत नाही.

इथे आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत ३० मिलिअॅम्पिअरचा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. १९ ओम सोडाच, ३३ ओमचं अर्थिंगही त्याला पुरतं. बोर्डात तो असेल तर त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण दिसेल. ते दाबल्यावर घरातली लाइट गेली पाहिजे. गेली नाही, तर रॉडच्या अंतराआधी तो आरसीसीबी बदलून घ्यायला हवा.