फी न घेणारी वकिली : वाशिम जिल्ह्यातील विधी सेवा

वकील लावण्याची ऐपत नसलेल्या माणसाची बाजू सरकारी खर्चाने न्यायालयापुढे मांडली जावी, यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर या दर्जाचा न्यायिक अधिकारी सचिव म्हणून रोजचा कारभार पाहतो आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या काम करतात. वाशिमचे प्राधिकरण याच रचनेचे. प्रत्यक्ष वकिली करतात ते प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील आणि आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ नेमलेले लोक अभिरक्षक. गावपातळीवर त्यांना विधी स्वयंसेवकांची साथ असते.

अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० होती. सोयाबीन, तूर आणि कापूस ही इथली मुख्य पिके, आणि शेती बहुतांशी पावसावर. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिम होता. पुढे नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर त्याचे नाव आले. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि जिल्ह्यात तांड्यांची वस्ती मोठी आहे. कामासाठी पुण्या-मुंबईकडे जाणारी कुटुंबे इथे कमी नाहीत. पेशीच्या दिवशी असा माणूस दूर कुठल्या बांधकामावर असला की गैरहजेरीचे वॉरंट निघते आणि साधे प्रकरण अवघड होऊन बसते.

मोफत वकील हा हक्क संविधानात उशिरा, पण ठळकपणे आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातला गेला. समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य ही त्याने राज्याची जबाबदारी ठरवली. त्यामागे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या समित्यांचे काम होते. न्यायालयांनी या तत्त्वाला धार दिली ती महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून. १९७८ च्या होस्कोट निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील नसेल तर तो दिला पाहिजे. १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या निमित्ताने मोफत वकील हा अनुच्छेद २१ चा भाग मानला गेला. मुंबईच्या पोलिस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीवर पत्रकार शीला बारसे यांनी पत्र लिहिले आणि १९८३ साली त्यावर निकाल आला. अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला लगेच द्यावी, असा आदेश त्यात होता. १९८६ च्या सुक दास निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही, कारण असा हक्क आहे हेच मुळात त्याला ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. तो दिवस आता राष्ट्रीय विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या अधिनियमाचे कलम १२ हा सगळ्या व्यवस्थेचा दरवाजा आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचा बळी, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचाराने पीडित माणूस, या सर्वांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. उरलेल्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. वाशिमच्या दृष्टीने या यादीत एक फट राहून गेली आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो. तेलंगणात तो अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत. त्यामुळे तांड्यावरच्या स्त्रीला ती स्त्री आहे म्हणून वकील मिळतो. तिच्या नवऱ्याला मात्र, तो कोठडीत नसेल तर, आधी उत्पन्न दाखवावे लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही त्याला नाही. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ज्या समाजांनी त्याचा जाच सोसला त्यांना कलम १२ मध्ये स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. ही उणीव विधिमंडळाने आणि संसदेने भरून काढावी इतकी ठळक आहे. तूर्त कलम १३ चा आधार आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते, तहसीलच्या दाखल्यासाठी त्याला हेलपाटे घालायला लावण्याची गरज नाही. अर्ज मराठीत चालतो, आणि लिहिता न येणाऱ्याची तोंडी मागणीही स्वीकारता येते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही त्यासाठीच आहे.

तरीही दार उघडे असणे आणि माणूस त्यातून आत येणे यांत अंतर राहते. ते अंतर विधी स्वयंसेवक भरून काढतो. ही योजना २००९ साली सुरू झाली. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, बचत गटातल्या बाया असे लोक त्यात निवडून प्रशिक्षित केले जातात. स्वयंसेवकाने वकिली करायची नसते. कोणता कागद कुठे मिळतो, कोणत्या टेबलावर जायचे आणि कोणत्या प्रश्नासाठी न्यायालयाची गरजच नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक असावे लागते. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तर त्याच्यावाचून चालत नाही. २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाह खर्च मागणारा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो आणि तिथे वकील उभा करण्यास कलम १७ ची मनाई आहे. म्हाताऱ्या आईचा अर्ज नीट लिहिला गेला की नाही, यावरच तिथे बरेच काही ठरते.

फौजदारी बाजूला काळाचे मोल सर्वांत जास्त असते. अटकेपासून २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. त्या पहिल्या रिमांडला वकील हजर असला तर पोलिस कोठडीची गरज काय, अटकेची कारणे सांगितली का, अंगावर मार आहे का, हे प्रश्न विचारले जातात. वकील नसला तर विचारणारा कोणी नसतो. म्हणूनच २०१९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या टप्प्यावर वकील देण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. २०२२ च्या योजनेने लोक अभिरक्षक कार्यालये आली. त्यातले मुख्य, उप आणि सहायक लोक अभिरक्षक पूर्णवेळ मानधनावर असतात, त्यांना खासगी वकिली करता येत नाही, आणि ते फक्त आरोपींची बाजू लढवतात. सरकारी अभियोक्त्याच्या तोडीस तोड असे कार्यालय बचाव पक्षाकडे असावे, ही यामागची कल्पना. जुन्या पद्धतीत पॅनेलवरच्या वकिलाला आपली खासगी प्रकरणे सांभाळून तुटपुंज्या शुल्कावर हे काम करावे लागे. त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे. दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणे मात्र अजून पॅनेलकडेच आहेत.

जामिनाचा आदेश झाला म्हणजे माणूस सुटला, असे होत नाही. जामीनदार हवा, आणि खेड्यातल्या जामीनदाराची पत बहुधा सातबाऱ्याने मोजली जाते. भूमिहीन मजुराचे नातलगही भूमिहीन. बेड्यावर, म्हणजे आपल्या समाजाच्या वस्तीवर, राहणाऱ्या फासेपारध्याला गावातला शेतकरी सहसा जामीन राहत नाही. १९७८ च्या मोतीराम निकालात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाला न परवडणारी जामिनाची अट चुकीची ठरवली होती, तरी ही अडचण संपली नाही. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने नवी वाट काढली. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे. त्यानंतर वकील अट शिथिल करून घेण्यासाठी किंवा जातमुचलक्यावर सुटकेसाठी अर्ज करतो. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. याशिवाय दोन तारखा वकिलाच्या डायरीत असाव्याच लागतात. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश कालावधीनंतर सुटता येते. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एक दिवस विसरला तरी यातला पहिला हक्क हातून जाऊ शकतो.

प्राधिकरणाकडे येणाऱ्या स्त्रियांची गाऱ्हाणी बहुतेक पोटगी, मारहाण आणि राहत्या घरातून हाकलणे यांची असतात. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायदंडाधिकारी संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा याविषयी आदेश देतात. पोटगीच्या कामात चांगला वकील अंतरिम अर्जावर भर देतो, कारण मूळ प्रकरण निकाली निघेपर्यंत तिला मुलांचे पोट भरायचे असते. नवरा मिळकत लपवतो, हा नेहमीचा अनुभव. यावर ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल फार उपयोगी पडला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व उत्पन्नाचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्यास सांगितले. आदेशानंतरची वसुली हे वेगळेच काम असते, आणि तिथपर्यंत साथ देणारा वकील मिळणे हीच खरी मदत ठरते.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या बायकोपुढे एकाच वेळी अनेक कार्यालये उभी राहतात. वारसाला १ लाख रुपयांची शासकीय मदत मिळते, पण जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांच्या निकषांवर जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते. कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे लागते. ज्याने गावच्या बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचलले त्याचे घर इथेच अडते. सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे असेल तर वारस नोंद आणि फेरफार यांचा मार्ग लांबतो. कर्जाच्या बदल्यात करून दिलेले खरेदीखत हा याहून कठीण प्रकार. कागदावर विक्री दिसते, प्रत्यक्षात ते गहाण असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, चौकशी करून असा व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. ही तरतूद दिवाणी दाव्यापेक्षा स्वस्त आणि सोपी आहे. तिचा उपयोग व्हायचा तर कोणीतरी खरेदीखताची तारीख, त्या दिवशीचा बाजारभाव आणि कसवणूक कोणाची, हे पुरावे जमवायला हवेत. इथे वकिलाचे निम्मे काम तलाठी कार्यालयात होते.

अत्याचारपीडितांच्या बाबतीत वकिलाची भूमिका बदलते, कारण खटला सरकारी अभियोक्ता चालवतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्यामुळे पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्याने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना सुरू केली. पुढे तिची रक्कम १० लाखांपर्यंत वाढली आणि निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. पोलिस अत्याचाराची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाते. २००१ साली स्थापन झालेल्या या आयोगापुढे घटनेपासून एका वर्षाच्या आत यावे लागते.

लोकअदालत हे प्राधिकरणाचे सर्वांत परिचित रूप. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. बँकेची थकबाकी, मोटार अपघात भरपाई, वीजबिल अशा वादांना ती फार सोयीची आहे. दुबळ्या पक्षकाराने मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नये. अपील नाही याचा अर्थ थोडक्यात मान्य केलेली पोटगी किंवा भरपाई कायमची होते. निकाली प्रकरणांच्या आकड्यांवर लोकअदालतीचे यश मोजण्याची सवय यासाठीच धोक्याची आहे.

मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असा समज खेड्यापाड्यांत घट्ट आहे आणि तो निराधार नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेण्यास मनाई केली आणि कामावर देखरेख ठेवणाऱ्या समित्या नेमल्या. कोणी पैसे मागितले किंवा तारखेला आले नाही तर सचिवाकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो. २०१९ च्या अनोखीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातील खंडव्याचा खटला होता. ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा सुनावली गेली. न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे नियम त्यातून आले.

सत्र न्यायालयात शिक्षा झाल्यावर वाशिमचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे, पण कैद्याच्या घरच्यांनी तिथे जाऊन वकील शोधण्याची गरज नसते. तुरुंगातील विधी साहाय्य केंद्रातून अर्ज आणि निकालाची प्रत नागपूरच्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे पाठवली जाते आणि तिथे वकील नेमला जातो. तिथेही अपयश आले तर तीच कागदपत्रे दिल्लीला सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जातात.