चुकून जमा झालेले चार लाख

सकाळी 9

बोळिंजच्या गाळ्याचं शटर वर केलं की पहिलं काम बँक स्टेटमेंट. कंपनी दिवाळखोरीत गेली की संचालक बाजूला होतात आणि कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती येतो. अशाच एका साहेबांसाठी मी हिशेब बघते. दिवाळखोरी म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात कुणाला समजावत बसावं लागत नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये एचडीआयएल या बिल्डर कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, दाखल करून घेतलं, पुढच्याच महिन्यात तिला कर्ज देणाऱ्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. तेव्हापासून इथे रिक्षावालाही ‘एनसीएलटी’ म्हणतो.

आज स्टेटमेंटमध्ये एक अनोळखी एंट्री. एनईएफटीने 4,18,000 जमा, आणि लेजरमध्ये ही पार्टीच नाही.

सकाळी 10.30

वालीवच्या एका कारखानदाराचा फोन. “मॅडम, माल दुसऱ्याकडून घेतला होता. नाव जवळजवळ सारखं, पोरानं यादीतलं वरचं दाबलं. माझी बँक म्हणते, समोरच्याची संमती आणा.”

“यूटीआर नंबर पाठवा, दादा. आणि ज्याला द्यायचे होते त्याचं बिलही.”

‘चुकून’ म्हणणारे सगळेच चुकलेले नसतात. जुनी उधारी फेडून मग पस्तावणारेही असाच फोन करतात, आणि त्यांचे पैसे खरोखर कंपनीचेच असतात.

दुपारी 12

बिल आलं. रक्कम पैशापर्यंत जुळली. कंपनीच्या जुन्या अकाउंटंटचा सल्ला तयारच होता : “आलेत तर राहू द्या. भरू दे त्याला दावा.”

दावा भरला की माणूस रांगेत गेला. उद्या कंपनी अवसायनात निघाली तर दिवाळखोरी संहितेच्या कलम 53च्या उतरंडीत आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका. हा पार मागे. म्हणजे वालीवच्या पैशातून बँकांची वसुली.

1872च्या करार कायद्याचं कलम 72 सरळ सांगतं, चुकून मिळालेले पैसे परत करा. पण दिवाळखोरी संहितेचं कलम 14 कंपनीवरचे वसुलीचे दावे रोखून धरतं. वाद होतो तो इथे : हे कंपनीचं देणं, की कंपनीकडे पडलेली दुसऱ्याची चीज? विश्वस्त म्हणून धरलेली असेल तर कलम 36(4) ती अवसायनातून वगळतं.

अशीच चूक पूर्वी कोर्टात गेली होती. 1974मध्ये न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेकडून लंडनच्या इस्रायल-ब्रिटिश बँकेला सुमारे 20 लाख डॉलर एकाच दिवशी दोनदा गेले आणि लंडनची बँक बुडाली. दुसऱ्यांदा गेलेली रक्कम चेसचीच, असा निकाल 1979मध्ये लागला. 1996मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायाधीश लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांना त्यामागचा युक्तिवाद पटला नाही. पण निकाल बरोबर असू शकतो म्हणाले, कारण लंडनच्या बँकेला दोन दिवसांत चूक कळली होती. मला हेच पटतं. पैसे येणं हा गुन्हा नाही. कळल्यावर ते दाबून ठेवणं अंगाशी येतं. सद्‌भावनेने वागणाऱ्या प्रोफेशनलला कलम 233चं संरक्षण आहे खरं, पण साडेदहाच्या फोननंतर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ कसं म्हणणार?

दुपारी 3

जेवण राहिलंच. साहेबांना मेल : ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, तिच्यातून पगार किंवा लाइटबिल भरू नये. एकदा मिसळली की माग काढणं अवघड. कर्जदात्यांच्या समितीला कळवून कलम 60(5)खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. परस्पर परत करू नये. उद्या एखादी बँक विचारेल, कुणाला विचारून दिलेत?

संध्याकाळी 6.30

साहेबांचा होकार आला. दादांना फोन केला.

“मग उद्या मिळतील?”

“उद्या नाही. पैसे बाजूला ठेवतोय, पण आदेशाशिवाय सोडता येणार नाहीत. अॅफिडेव्हिट, स्टेटमेंट आणि ते बिल घेऊन या.”

“पोराला पाठवतो. दाबलं त्यानंच, सहीही तोच करेल.”

“सही तुमचीच लागेल, दादा. खातं तुमच्या नावावर आहे.”